पाळणाघरात कापडी लंगोट: फेब्रुवारी ते जुलैच्या नोंदी, सोलापूर

सुरुवातीची स्थिती: बाळ नऊ महिन्यांचं, वजन ८.२ किलो. पाळणाघर जुळे सोलापुरात, सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. तिथे दिवसाला विकतचे पाच डायपर लागत होते. एक ११ रुपयांना, २६ दिवस, म्हणजे महिन्याला १,४३० रुपये. रात्रीचा डायपर या हिशेबात नाही, तो अजून विकतचाच आहे. घरी नळाला पाणी चार दिवसांआड, मधल्या दिवसांत बोअरचं. मशीन सेमी-ऑटोमॅटिक. पाण्याचा तपशील आधीच सांगितला, कारण पुढचे निम्मे घोळ त्यातूनच झाले.

३ फेब्रुवारी

पाळणाघरात विकतच्या डायपरऐवजी कापडी लंगोट द्यायचं ठरवलं: बाहेरून पाणी अडवणारं कव्हर, आत शू शोषणारी कापडाची घडी. त्या घडीसाठी, म्हणजे इन्सर्टसाठी, कापड आणलं. कव्हरबरोबर मायक्रोफायबरचे, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्यांचे, इन्सर्ट मिळतात, ते घेतले नाहीत. ते शू पटकन ओढतात, पण बाळ बसलं की दाबाने तेवढ्याच पटकन बाहेर सोडतात, शिवाय कातडीला थेट लागले तर ती कोरडी पाडतात. टेरी टॉवेलच्या गावात राहून ते वापरायचं कारणही नाही. यंत्रमागाचा सेकंड माल किलोवर मिळतो, ३६० रुपये किलोने मिळाला. ७५ बाय १५० सेंमीचा पांढरा टॉवेल साधारण ४५० ग्रॅम भरतो, म्हणजे ४०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). एखादा तुटलेला धागा, वाकडी किनार, एवढाच दोष असतो. लंगोटाला त्याने काही फरक पडत नाही.

हाताला सगळ्यात मऊ लागला तो टॉवेल आधी घेतला आणि तिथेच चुकलं. घरी त्यावर चमचाभर पाणी टाकलं तर थेंब मोत्यासारखे वरच बसून राहिले, मुरायला पाऊण मिनिट गेलं. टॉवेल मखमली लागावा म्हणून शेवटी सिलिकॉनचं सॉफ्टनर देतात, तेच पाणी अडवतं. सेकंड माल परत घेत नाहीत, १६२ रुपयांचा टॉवेल अंघोळीला गेला. दुसऱ्या खेपेला पाण्याची छोटी बाटली बरोबर नेली, दुकानातच कोपऱ्यावर थेंब टाकून पाहिला आणि जरा खरखरीत वाटणारे पाच टॉवेल घेतले.

६ फेब्रुवारी

पाचातला एक टॉवेल न धुता कापला. ४० बाय ३५ सेंमीचे सहा तुकडे, कडेने ओव्हरलॉक (धागे सुटू नयेत म्हणून मशीनची शिलाई), तुकड्याला ६ रुपये. पहिल्याच धुण्यात ते ३७ बाय ३३ झाले, शिवाय उभं-आडवं सारखं न आटल्यामुळे कडा वळल्या. कव्हरमध्ये ते सरळ बसत नाहीत. घरी वापरायला ठेवले.

उरलेल्या चार टॉवेलांना आधी उकळतं पाणी दिलं. एका बादलीत दोन टॉवेल, दोन टेबलस्पून धुण्याचा सोडा, रात्रभर भिजत. सकाळी पाणी गढूळ पिवळट झालेलं होतं, ती खळ आणि कापसाचा मेणकट अंश. त्यानंतर गरम पाण्यात चार धुणी. पहिल्या धुण्यानंतर थेंब मुरायला सहा सेकंद लागले, चौथ्यानंतर टाकताक्षणी मुरला. एवढं झाल्याशिवाय कापू नये. खाण्याचा सोडा इथे चालत नाही, धुण्याचाच हवा.

आटून टॉवेल ७० बाय १४१ सेंमीचा झाला. त्यात ४० बाय ३५ चे बरोबर सहा तुकडे बसतात आणि २१ सेंमीची एक पट्टी उरते. चार टॉवेलांचे २४ तुकडे. पट्ट्या फेकल्या नाहीत.

थर शिवून जाड पॅड का केलं नाही? शिवलेलं तिहेरी पॅड उन्हात वाळायला तीन तास घेतं, मोकळा तुकडा तासाभरात वाळतो. जाड पॅडच्या मधल्या थरापर्यंत धुण्याचं गरम पाणी नीट पोचत नाही, वास तिथूनच सुरू होतो. मोकळ्या तुकड्याची तीन पदरी घडी घातली की १३ बाय ३५ ची पट्टी होते.

८ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजमाप. कोरडी घडी ६२ ग्रॅम. भिजवून, निथळणं थांबेपर्यंत धरली तर २७० ग्रॅम. मग ताटात ठेवून तिच्यावर पाच किलोचा पिठाचा डबा एक मिनिट ठेवला. डबा काढल्यावर १७४ ग्रॅम. खरी धारणा म्हणजे ११० मिलीच्या आसपास, दोनशे नाही. बाळ बसतं, रांगतं, मांडीवर घेतलं जातं, त्यामुळे हाच आकडा धरायचा.

अडीच तासांनी काढलेले लंगोट चार दिवस तोलले. कोरडं वजन वजा करून ६० ते १०५ ग्रॅम आले. एक घडी अडीच तास पुरते, तीन तास पुरत नाही.

१५ फेब्रुवारी

कव्हर. पीयूएलचं, म्हणजे पॉलिएस्टर कापडाला आतून पातळ पाणीरोधक थर दिलेलं. आधी तीन वेलक्रोची घेतली, २८० रुपयांना एक. वेलक्रो लावायला सोपं हे खरं, पण आठवड्यात दोन अडचणी आल्या. बाळाने ते ओढून उघडायला शिकून घेतलं. शिवाय टॉवेलचा निघालेला कापूस धुताना वेलक्रोच्या आकड्यांत इतका गच्च बसला की पकड गेली. सुईने उकरून काढावा लागतो, एका कव्हरला दहा मिनिटं. म्हणून टिचबटणांची नऊ घेतली, ३३० रुपयांना एक. घेताना आत पुढे-मागे खिशासारखी पट्टी आहे का ते पाहावं. घडीची टोकं तिच्यात खोचली की ती सरकत नाही.

२२ फेब्रुवारी

नुकसानीची नोंद. पाळणाघरात कपड्यांची अदलाबदल होते म्हणून दोन कव्हरांच्या मागच्या बाजूला लाल दोऱ्याने बाळाचं नाव शिवून घेतलं. दुसऱ्याच दिवशी बाळाचा कपडा पाठीकडून ओला. कव्हर उलटं करून त्यात वाटीभर पाणी ओतलं, खालून पाहिलं, तर प्रत्येक टाक्याच्या भोकातून बारीक थेंब फुटत होता आणि सुती दोरा ते पाणी पुढे ओढत होता. बाहेरून नाव वाचता येईल असा ओल्या टिपक्यांचा आकार उमटला होता.

पीयूएलला पडलेलं सुईचं भोक भरून येत नाही. शिवताना टाचण्या लावल्या तरी हेच होतं, कपड्याचे चिमटे लावावेत. नाव घालायचं तर बटणाच्या पट्टीच्या टोकावर, जिथे शू पोचत नाही तिथे, पॉलिएस्टर दोऱ्याने. ती दोन कव्हरं, ६६० रुपयांची, घरी थोड्या वेळापुरती वापरात राहिली. पाळणाघरासाठी सात उरली.

१ मार्च

पाळणाघराच्या ताई आणि दोन मावशींशी बोलणं. बारा मुलं, दोघींचे चार हात. त्यांचे प्रश्न तीनच होते: वेळ किती जाणार, शीचं काय करायचं, वास येणार का. कापडाचे फायदे सांगण्यात वेळ घालवू नये, या तीन प्रश्नांची उत्तरं हातात घेऊन जावं. आम्ही दोनचीच नेली होती.

वेळ. विकतचा डायपर मावशी दीड मिनिटात बदलतात. मोकळी घडी आणि वेगळं कव्हर दिलं तेव्हा चार मिनिटं लागली, घडी दोनदा खाली पडली. त्यातल्या मोठ्या मावशी म्हणाल्या, "ताई, कुठलं बटण कुठं लावायचं ते कळंना बघा." कव्हराला पुढे दोन ओळी आणि उंचीसाठी आणखी तीन, म्हणजे वीसेक बटणं. त्यांचं बरोबरच होतं.

उपाय तीन. उंचीची बटणं घरीच लावून पाठवायची, मावशींनी त्यांना हातही लावायचा नाही. कमरेच्या ज्या दोन बटणांवर बाळाला नीट बसतं त्यांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका. प्लॅस्टिकवर तो दोन महिने टिकतो. शिवाय घडी आत खोचून, कव्हर मिटून, प्रत्येक लंगोट तयार पुडक्यासारखा पाठवायचा. आठवड्याने पुन्हा वेळ लावली, एक मिनिट पन्नास सेकंद. इथे काम मार्गी लागलं. पाळणाघरात कापड टिकेल की नाही हे मावशींच्या हातात जातं तेव्हा ते किती तयार आहे त्यावर ठरतं.

शी. बाळ वरण-भात, नाचणी खातं, शी चिकट. एक मीटर पोलर फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ पॉलिएस्टर कापड, घेतलं, २२० रुपये, पन्हा १५० सेंमी. १५ बाय ३३ च्या तीस पट्ट्या निघाल्या. फ्लीसचे धागे सुटत नाहीत, शिवायची गरज नाही. पट्टी घडीवर ठेवायची. शी बहुतेक पट्टीवरच राहते, संडासात झटकली की निघते. मावशींनी धुवायचं नाही, झटकून पिशवीत टाकायचं, एवढंच ठरलं.

१० मार्च

पाळणाघरातला पहिला पूर्ण दिवस. पाच लंगोट आणि एक जादा पाठवले. गळती एक. मांडीशी घडीची कड कव्हराच्या इलॅस्टिकबाहेर आली होती. दोराभर कापड बाहेर राहिलं तरी चड्डी भिजते, कारण कापड शू ओढून बाहेर नेतं. लावून झाल्यावर दोन्ही मांड्यांशी बोट फिरवायचं, पांढरं दिसलं तर आत ढकलायचं. हे चित्र काढून बदलायच्या टेबलावर चिकटवलं.

१३ मार्च

वास. याचंच उत्तर १ मार्चला नव्हतं. वापरलेले लंगोट प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले जात होते. बाहेर ३७ अंश. संध्याकाळी घरी गाठ सोडली तर डोळ्यांत पाणी येईल असा अमोनियाचा भपका. शूमधल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात, ऊब आणि कोंडलेली ओल मिळाली की फार लवकर.

पीयूएलच्या चेनवाल्या दोन पिशव्या आणल्या, २५० रुपयांना एक. चेन चार बोटं उघडी ठेवायची, पिशवी मागच्या सावलीतल्या खुंटीला टांगायची, उन्हात नाही आणि बंद बाथरूममध्ये नाही. भिजवूनही ठेवायचं नाही. पाण्यात बुडवून ठेवलेले लंगोट जास्त सडतात, कव्हरांचं इलॅस्टिकही ढिलं पडतं. घरी येताच गार पाण्यात एक खळबळणं. वास पूर्ण जात नाही, पण पिशवी शेजारी ठेवून रिक्षातून येता येतं.

१७ मार्च

लंगोट किती हवेत याचा हिशेब बाळावर ठरवला होता, तो चुकला. तो पाण्याच्या पाळीवर ठरवावा लागतो. नळाच्या पाण्यातच धुवायचं ठरवलं तर पाच दिवसांचे पंचवीस लंगोट साठतात, आणि तीन दिवसांपलीकडे शूचं कापड ठेवू नये. शेवटी असं बसलं: रोज संध्याकाळी बोअरच्या दहा लिटर पाण्यात खळबळणं, दिवसाआड मशीनचं धुणं, शेवटचं खळबळणं साठवलेल्या नळाच्या पाण्यात. त्यासाठी पाच वापरात, पाच धुण्यात, पाच वाळत आणि तीन अडीअडचणीला, म्हणजे अठरा घड्या. चोवीस आहेत, पुरून उरतात. कव्हरं रोज रात्री हातानेच धुतली जातात आणि सकाळी वाळलेली असतात, म्हणून सात भागतात.

४ एप्रिल

घड्या पापडासारख्या ताठ. थेंब पुन्हा तीन-चार सेकंद वर थांबतो. मांड्यांच्या सांध्यात लाली. धुतलेली घडी स्वच्छ कोमट पाण्यात साबण न घालता घुसळली, तरी पांढुरका फेस आला. साबण आत साचला होता.

कारण बोअरचं जड पाणी. नळाचं आणि बोअरचं पाणी दोन बाटल्यांत घेऊन अंघोळीच्या साबणाचा चिमूटभर कीस टाकून हलवलं. नळाच्या बाटलीत चार बोटं फेस, बोअरच्या बाटलीत फेस नाहीच, वर दह्यासारखा साका. तो साका घडीत बसतो. त्यात धुणं नीट निघत नाही म्हणून पावडर वाढवली होती, तिने आणखी भर घातली.

५ आणि ६ एप्रिल

दुरुस्ती, दोन दिवस गेले. पाच लिटर कडकडीत गरम पाण्यात एक टेबलस्पून लिंबूसत्व, फक्त घड्या, एक तास. कव्हरं यात घालू नयेत, ब्लीचच्या जवळही हे नेऊ नये. नंतर गरम पाण्यात साबणाशिवाय दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीलाही फेस निघाला, तिसरी करावी लागली. मग थेंब पूर्वीसारखा मुरला.

पुढे असं होऊ नये म्हणून: पन्नास लिटरच्या ड्रममध्ये बोअरच्या पाण्यात रात्री पाच टेबलस्पून धुण्याचा सोडा विरघळवायचा. सकाळपर्यंत तळाला पांढरा गाळ बसतो. वरचं पाणी अलगद मगाने काढून मशीनला घालायचं, तळाची चार बोटं सोडून द्यायची. सोडा थेट मशीनमध्ये टाकला तर तोच गाळ कापडात बसतो, ही चूक मार्चभर चालू होती. पावडर आता निम्मी पुरते. कपडे मऊ करायचं लिक्विड कधीच नाही, ते पहिल्या टॉवेलच्या सॉफ्टनरसारखंच काम करतं.

धुण्याचा क्रम: गार पाण्यात पाच मिनिटं, ते पाणी फेकायचं. गिझरचं गरम पाणी, साठ अंशांच्या आसपास, पावडर, बारा मिनिटं. दोनदा खळबळणं. पिळणी. पंधरा घड्यांना एकूण ११० लिटर लागतं. पहिल्या पाण्यासाठी घरच्या कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी वापरलं की ८५ वर येतं.

लालीसाठी मलम लावायचं तर घडीवर जुन्या धोतराची पट्टी ठेवावी. मलमाचा तेलकटपणा टॉवेलला लागला की तिथे पाणी मुरत नाही. लाली तीन दिवसांत उतरली. लालीच्या कडेला सुटे लाल दाणे दिसले असते तर ते बुरशीचं असू शकतं, मग मलमाचे प्रयोग न करता सरळ बालरोगतज्ज्ञांकडे.

२८ एप्रिल

४२ अंश. दुपारच्या झोपेनंतर कमरेवर घामोळं. फ्लीस शू खाली सोडतं, पण घाम टिपत नाही. दुपारी बारानंतरच्या दोन लंगोटांत फ्लीसऐवजी धोतराची मऊ पट्टी, आणि बदल अडीचऐवजी दोन तासांनी. त्यामुळे लंगोट पाचाचे सहा झाले. ती पुडकी ओळखू यावीत म्हणून त्यांच्यावर पिवळा रबर बँड. मावशींनी दुपारी पंख्याखाली दहा मिनिटं बाळाला उघडं ठेवायला स्वतःहून सुरुवात केली, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

१२ मे

दोन कव्हरांच्या आतला थर सुरकुतला, एका ठिकाणी पापुद्रा सुटला. कारण गच्चीवरचं दुपारचं ऊन. घड्यांना हे ऊन उत्तम, डाग निघून जातात, तेलाचा हळदट डागसुद्धा. कव्हरांना मात्र सावली हवी. महिनाभर दोन्ही एकाच दोरीवर टाकत होतो.

३० जून

आतापर्यंतचा खर्च, रुपयांत: सहा टॉवेल ९७२, ओव्हरलॉक १८०, फ्लीस २२०, चेनच्या पिशव्या ५००, वेलक्रोची कव्हरं ८४०, टिचबटणांची २,९७०, सोडा आणि लिंबूसत्व १२०. एकूण ५,८०२. यातले वाया गेलेले किंवा घरापुरते उरलेले १,८६० रुपये: मऊ टॉवेल, न धुता कापलेला टॉवेल आणि त्याची शिलाई, वेलक्रो, नाव शिवलेली दोन कव्हरं. पावडर आणि विजेला महिन्याला १८० धरले तर विकतच्या डायपरच्या मानाने महिन्याला १,२५० वाचतात. म्हणजे साडेचार महिन्यांनी, जुलैच्या शेवटी बरोबरी. चुका टाळल्या असत्या तर सव्वातीन महिन्यांत झाली असती.

वेळ: दिवसाआड धुण्याला हाताचं काम पंचवीस मिनिटं, रोज पुडकी बांधायला आठ.

७ जुलै

पावसाळी हवा, दोन दिवस ऊन नाही. खोलीत पंख्याखाली मोकळा तुकडा पाच तासांत वाळला. दोरीवर एकावर एक न टाकता चिमट्याने एका कडेने लोंबवावा. घरी वापरायला ठेवलेला, कडा दुमडून शिवलेला जुना लंगोट दुसऱ्या सकाळीही शिवणीशी दमट होता. दमट घडी पुडक्यात बांधून पाठवू नये, दुपारपर्यंत कुबट वास येतो.

१४ जुलै

बाळ चालायला लागलं, वजन ९.६ किलो. आता गळती पुढून, पोटाशी. उभ्याने शू एकाच जागी पडते आणि घडी मागे कोरडीच राहते. फेब्रुवारीत उरलेल्या २१ सेंमीच्या पट्ट्या काढल्या, प्रत्येकीचे २१ बाय ३५ चे दोन तुकडे केले, आडवी घडी घालून घडीच्या पुढच्या अर्ध्या भागावर ठेवले. उंचीचं बटण एक ओळ वर घेतलं आणि नेलपॉलिशचे ठिपके एका बटणाने बाहेर सरकवले. जुने ठिपके पुसायचे राहिले, त्यामुळे मावशींनी सोमवारी दोन लंगोट घट्ट लावले, मांडीवर वळ उठले. रिमूव्हर पीयूएलवर सांडू न देता, कापसाच्या बोळ्याने फक्त बटणावर फिरवून ते काढले. आठ तुकडे आहेत, दिवसाला सहा लागतात. आणखी दोन टॉवेल खळ काढायला भिजत घातले आहेत.